विश्लेषण : खडकवासल्याचे पाणी कुणाचे? विश्वेश्वरय्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी मांडलेला हिशेब काय होता?

उन्हाळ्याच्या तोंडावर खडकवासला धरणसाखळीत किती पाणी शिल्लक आहे, यावर पुणे जिल्ह्याचे निम्मे राजकारण ठरते. कालवा सल्लागार समितीची बैठक बसली की प्रश्न ठरलेला असतो. पुणे शहराला किती द्यायचे आणि हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीसाठी किती आवर्तने सोडायची? शहराची लोकसंख्या वाढल्यामुळे हा वाद अलीकडे सुरू झाला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात एकाच तलावातून शहरालाही प्यायला द्यायचे आणि कालव्यावरची शेतीही भिजवायची, ही अडचण खडकवासला धरणाइतकीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच धरणावर एक तरुण अभियंता नेमणुकीला होता. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

दरवर्षी १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, म्हैसुरी फेट्यातला त्यांचा फोटो सगळीकडे फिरतो. कृष्णराजसागर धरण, स्वयंचलित दरवाजे, भारतरत्न, वक्तशीरपणाचे किस्से. यातले किस्से बाजूला ठेवले तर उरणारे काम जास्त रंजक आहे. विश्वेश्वरय्यांनी आयुष्यभर पाणी अडवले हे खरे, पण अडवलेले पाणी कोणाला, किती आणि कोणत्या अटीवर द्यायचे, हा प्रश्न त्यांनी अभियंत्याच्या टेबलावर आणला. त्या उत्तराचे काही भाग टिकले, काही फसले. दोन्हींचे परिणाम आजही दिसतात.

मुद्देनहळ्ळीचा मुलगा पुण्यात कसा आला?

जन्म १५ सप्टेंबर १८६१, आजच्या कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळीत. वडील संस्कृतचे अभ्यासक. घरची स्थिती बेताची, त्यात वडील लवकर गेले. बंगळूरमध्ये शिकवण्या घेत त्यांनी शिक्षण केले आणि १८८१ मध्ये बी.ए. झाले. पुढे म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हेच आजचे सीओईपी. १८८३ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले.

पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला सार्वजनिक बांधकाम खात्यात थेट नोकरी मिळत असे. त्यामुळे १८८४ मध्ये ते मुंबई सरकारच्या सेवेत सहायक अभियंता झाले. शिष्यवृत्तीचा खर्च म्हैसूरचा आणि माणूस मुंबई इलाख्याचा, असा हा व्यवहार होता. म्हैसूरला तो परत मिळायला पंचवीस वर्षे लागली.

खानदेशात त्यांनी काय पाहिले?

नोकरीची सुरुवात नाशिकला आणि मग खानदेशात, धुळ्याला. तिथे दातर्ती गावाजवळ पाण्याचा पाट ओढ्याच्या पलीकडे न्यायचा होता. वरून पूल बांधण्याऐवजी पात्राखालून नळ टाकून पाणी पलीकडे चढवायचे, याला सायफन म्हणतात. पावसाळ्यात काम सुरू झाले, पूर आला, खोदलेल्या जागेत वाळू भरली. नव्या साहेबाने काम पावसानंतर करू का, असे वरिष्ठांना लिहून विचारले आणि बोलणी खाल्ली. मग त्यांनी ते काम त्याच पावसात पुरे केले.

पण धुळे-साक्रीच्या पट्ट्यात नवख्या अभियंत्याने शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच होती, ती म्हणजे फड पद्धत. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर छोटे बंधारे घालून तिथले शेतकरी शेकडो वर्षे पाणी वाटून घेत आले होते. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागायची. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. एका वर्षी या फडात ऊस असेल तर पुढच्या वर्षी दुसऱ्या फडात. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांची नेमणूक गावाची. एखाद्या शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्याने उसाचा फायदा आणि कोरड्या वर्षाचा तोटा सगळ्यांच्या वाट्याला येई. विश्वेश्वरय्यांच्या पुढच्या कामात या पद्धतीची छाया स्पष्ट दिसते. फरक एवढाच की फडात निर्णय गाव घेत होते.

नव्वदच्या दशकात त्यांची बदली सिंधमध्ये सक्करला झाली. शहर सिंधू नदीच्या काठावर, पण नदीचे पाणी गढूळ आणि नगरपालिकेला गाळणी टाक्यांचा खर्च झेपणारा नव्हता. त्यांनी नदीच्या वाळूचाच गाळणीसारखा उपयोग करून विहिरीत झिरपलेले स्वच्छ पाणी शहराला दिले. त्यानंतर सुरतचे पाणीपुरवठ्याचे काम झाले आणि १८९९ मध्ये ते पुण्यात आले.

खडकवासल्याच्या दरवाजांची करामत काय होती?

तेव्हा खडकवासल्याचे नाव लेक फाईफ होते. कर्नल फाईफ या अभियंत्याच्या योजनेतून मुठा नदीवर १८७० च्या दशकात बांधलेले हे दगडी धरण. त्यातून निघालेला मुठा उजवा कालवा पूर्वेकडच्या कमी पावसाच्या गावांना पाणी देई. पुणे शहर आणि लष्कराच्या छावण्यांचे पिण्याचे पाणीही याच व्यवस्थेतून येत असे. गरज दोन्हीकडे वाढत होती. पावसाळ्यात मात्र सांडव्यावरून पाणी उंच उसळत वाहून जाई. तेच पाणी मार्च-एप्रिलमध्ये कमी पडे.

सोपा उपाय म्हणजे सांडव्याची भिंत उंच करणे. पण तसे केले तर पूर आल्यावर पाणी त्या उंच भिंतीच्याही वर तेवढेच चढते आणि मुख्य धरण धोक्यात येते. म्हणजे भिंत हवी, पण पूर आला की ती नाहीशी झाली पाहिजे. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर दरवाजे बसवले आणि त्यांना समतोल वजने जोडली. तलाव ठरलेल्या पातळीपर्यंत भरला की पाणी आपोआप वजनाच्या टाकीत शिरायचे, टाकी जड होऊन खाली जायची आणि साखळीला जोडलेला दरवाजा वर उचलला जायचा. पातळी उतरली की टाकी रिकामी व्हायची आणि दरवाजा बंद. वीज नको, तार नको, रात्री दोन वाजता धावत येणारा चौकीदारही नको.

यामुळे साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. आठ फूट ऐकायला कमी वाटतात. पण तलाव हा सरळ भिंतींचा हौद नसतो. दरी तळाशी अरुंद आणि वर पसरट असते, त्यामुळे वरच्या आठ फुटांत तळाच्या आठ फुटांपेक्षा कितीतरी जास्त पाणी मावते. नवे धरण न बांधता, जास्तीचे एकही गाव न उठवता ते मिळाले. या दरवाजांचे पेटंट त्यांनी घेतले, मात्र आपल्याच अखत्यारीतल्या धरणावर ते बसवले असल्याने सरकारकडून त्याचे मानधन घ्यायला नकार दिला. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही असे दरवाजे बसले.

दरवाजांची गोष्ट पाठ्यपुस्तकात गेली. त्याच काळात त्याच कार्यालयातून निघालेली दुसरी योजना मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही.

ब्लॉक पद्धत म्हणजे काय?

दख्खनच्या कालव्यांचे दुखणे विचित्र होते. चांगला पाऊस झाला की शेतकरी कालव्याचे पाणी घेत नसत, कारण ज्वारी-बाजरी पावसावर येई आणि पाणीपट्टी वाचे. दुष्काळ पडला की सगळ्यांना एकदम पाणी हवे असे. आणि बारा महिने पाणी घ्यायला तयार असलेला एकच गट होता, ऊस लावणारा. साहजिकच कालव्याच्या सुरुवातीच्या, म्हणजे हेडच्या गावांत ऊस पसरला आणि टेलच्या गावांना पाणी पोहोचेना. वर उसाला गरजेपेक्षा जास्त पाणी दिले जाई. त्याने नीरा खोऱ्यासारख्या भागात जमिनी चोपण होऊ लागल्या. पाणथळ झालेल्या गावांत हिवतापही वाढला.

१८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय सिंचन आयोग नेमला गेला. तेव्हा मुंबई इलाख्यातले कालवे बांधून त्यांचा उपयोग काय, हा प्रश्न ऐरणीवर आला. त्यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत मांडली.

समजा, एका गावाच्या वाट्याला ३०० एकर भिजेल एवढे पाणी येते. जुन्या पद्धतीत जो आधी अर्ज करेल, ज्याची जमीन पाटाला लागून असेल आणि ज्याच्याकडे भांडवल असेल, तो आपल्या शेतात ऊस लावून मोठा वाटा उचलणार. ब्लॉक पद्धतीत आधी गावातली योग्य जमीन निवडायची. पाण्याचा निचरा होणारी, एकमेकीला लागून असलेली. तिचा ब्लॉक पाडायचा आणि त्या ब्लॉकला एका हंगामापुरते नव्हे तर अनेक वर्षांसाठी पाणी मंजूर करायचे. अट एक. पूर्ण ब्लॉकवर ऊस घ्यायचा नाही. साधारण तिसऱ्या हिश्श्यावर ऊस, बाकीच्यात हंगामी आणि कमी पाण्याचे पीक, आणि दरवर्षी फेरपालट. शंभर एकरावर आज ऊस, तर पुढच्या वर्षी तिथे दुसरे पीक.

यातून तीन गोष्टी साधतात. ऊस एकाच जमिनीत वर्षानुवर्षे राहत नाही, म्हणून जमीन खराब होत नाही. पाण्याची मागणी आधीच माहीत असल्याने तलावाचे वर्षाचे नियोजन करता येते. आणि तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. तेच पाणी हेडच्या मूठभर गावांऐवजी कालव्याच्या लांबीभर अनेक गावांत थोडे थोडे पोहोचते. दुष्काळात शंभर गावांत प्रत्येकी काही एकर हिरवे राहणे हे दहा गावे पूर्ण बागायत होण्यापेक्षा जास्त मोलाचे, असा हा विचार होता. माणूसही जगतो आणि गुराला कडबाही मिळतो.

सरकारला यात रस असण्याचे कारण अर्थातच केवळ परोपकार नव्हते. अनेक वर्षांचा करार म्हणजे अनेक वर्षांची खात्रीची पाणीपट्टी. शेतकऱ्यांनी सुरुवातीला विरोध केला आणि तो समजण्यासारखा होता. आपल्या शेतात कोणते पीक घ्यायचे, हे इरिगेशनचा साहेब ठरवणार, हे कोणाच्या पचनी पडेल? विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांच्या बैठका घेऊन हिशेब समजावला आणि नीरा कालव्यावर पद्धत लागू झाली. फडात जी शिस्त गावकऱ्यांच्या आपसातल्या धाकाने टिकत होती, ती इथे सरकारी नियमाने टिकवायची होती.

ती किती टिकली? पाणी अनेक वर्षे खात्रीने मिळणार म्हटल्यावर शेतकऱ्याला कर्ज मिळू लागले, विहिरी-इंजिने आली, पुढे १९३० च्या दशकात साखर उद्योगाला संरक्षण मिळाल्यावर कारखाने आले. नीरा-प्रवरा पट्ट्याची समृद्धी या खात्रीवर उभी आहे. पण उसाला मर्यादा घालण्यासाठी आणलेली पद्धत उसाचे हक्कपत्र बनून गेली. महाराष्ट्राच्या पाटबंधारे व्यवहारात ब्लॉक हा शब्द राहिला, पण त्याच्याशी जोडलेली तिसऱ्या हिश्श्याची शिस्त मागे पडली. टेलच्या शेतकऱ्याची तक्रार आजही शंभर वर्षांपूर्वीचीच आहे.

शहर या हिशेबात कुठे होते?

जवळपास कुठेच नव्हते, आणि त्याला कारण होते. १९०१ मध्ये छावण्या धरून पुण्याची लोकसंख्या सुमारे दीड लाख होती. माणशी रोज १०० लिटर धरले तरी वर्षाचे पाणी ०.२ टीएमसीच्या आसपास भरते. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २८.३ अब्ज लिटर.) तेव्हा शहराची तहान भागवून बाकी सगळे पाणी शेतीत वाटायचे, असे समीकरण सहज बसत होते. शहराचा वाटा इतका लहान होता की त्यासाठी वेगळी शिस्त, वेगळी मर्यादा आखण्याची गरज कोणाला वाटली नाही. पिकांचा इतका बारीक हिशेब करणाऱ्या आराखड्यात शहराच्या वाढीचा रकाना नव्हता. ही उणीव एकट्या विश्वेश्वरय्यांची म्हणता येणार नाही. पण पुढची सगळी भांडणे त्या रिकाम्या रकान्यातून निघाली.

हैदराबादला काय घडले?

१९०४ नंतर मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनीअर म्हणून ते अनेक शहरांच्या पाणी आणि सांडपाण्याच्या योजना पाहत होते. १९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवले गेले. त्या रखरखीत बंदरासाठी बाहेरच्या लहेज भागातल्या नदीपात्रातून पाणी घेण्याची शिफारस त्यांनी केली. १९०८ मध्ये ते सरकारी नोकरीतून बाहेर पडले. मुख्य अभियंत्याच्या खुर्चीकडे जाणारी वाट गोऱ्या अधिकाऱ्यांच्या रांगेने अडलेली होती.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे मेली. निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी फक्त शहरातल्या पुराकडे पाहिले नाही. ते वर, पाणलोटात गेले. तिथे शेकडो गावतलाव होते आणि अतिवृष्टीत त्यातले दोनशेहून अधिक एकामागून एक फुटले होते. प्रत्येक फुटलेल्या तलावाने खालच्या तलावाचे ओझे वाढवले होते. म्हणून पूर शहराच्या वरच्या अंगाला अडवायचा, असे त्यांनी १९०९ च्या अहवालात मांडले आणि दोन जलाशय सुचवले. त्यातून १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर आणि १९२७ मध्ये ईसी नदीवर हिमायतसागर उभे राहिले. बांधणारे हात इतरांचे होते, मूळ आखणी त्यांची.

पूर अडवण्यासाठी आखलेले हे तलाव हैदराबादचे पिण्याच्या पाण्याचे आधार बनले. याची किंमत आसपासच्या गावांनी वेगळ्या रूपात मोजली. तलाव स्वच्छ राहावेत म्हणून १९९६ मध्ये सरकारी आदेश क्रमांक १११ निघाला आणि ८४ गावांच्या परिसरात बांधकामांवर कडक निर्बंध आले. शहर वाढले, शेजारच्या जमिनी कोट्यवधींना गेल्या, आणि या गावांतला शेतकरी पंचवीस वर्षे आपली जमीन विकसित करू शकला नाही. २०२२ मध्ये तेलंगण सरकारने तो आदेश मागे घेतला, तेव्हा गावे खूश झाली आणि पर्यावरणवादी धास्तावले. तोवर शहराची गरज या दोन तलावांच्या पलीकडे कधीच गेली होती. हैदराबादला पाणी देणाऱ्या नद्यांपैकी मांजरा तर आपल्या बीड जिल्ह्यात उगम पावते.

कृष्णराजसागराचा वाद कशावरून होता?

नोव्हेंबर १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. संस्थानापुढे दोन गरजा होत्या. शिवनसमुद्रम येथे १९०२ पासून कावेरीवर वीज तयार होऊन सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. पण उन्हाळ्यात नदी आटली की वीज कमी पडे. दुसरीकडे मंड्याचा भाग नदीजवळ असूनही कोरडा होता. कन्नंबाडीजवळ धरण बांधून पावसाळ्याचे पाणी साठवायचे, ते वर्षभर सारखे सोडून वीज टिकवायची आणि कालव्याने मंड्या भिजवायचा, अशी ही योजना.

खालच्या अंगाला मद्रास इलाखा होता. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातला भात शतकानुशतके याच नदीवर. मद्रासने हरकत घेतली आणि सुरुवातीला फक्त कमी उंचीच्या, ११ टीएमसी साठ्याच्या धरणाला संमती दिली. विश्वेश्वरय्यांनी धरण तेवढेच सुरू केले, पण पाया पूर्ण उंचीच्या धरणाला पेलेल एवढा रुंद घातला. हे दूरदृष्टीचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. मद्रासच्या नजरेने पाहिले तर संमती मिळण्याआधीच घेतलेला हा पवित्रा होता. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी बरोबर आहेत. वाद लवादाकडे गेला, लंडनपर्यंत पोहोचला आणि १९२४ च्या कराराने तात्पुरता मिटला. धरण १९११ ते १९३१ असे वीस वर्षे बांधले जात होते, महागड्या सिमेंटऐवजी चुना आणि विटांच्या भुकटीची सुर्खी वापरून.

कन्नंबाडी गाव आणि आसपासची गावे पाण्याखाली गेली. धरण बांधले जात असतानाच आपल्याकडे १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह पेटला होता. तिथेही मावळच्या भातखाचरांवर धरण येत होते आणि त्याची वीज मुंबईला जाणार होती. त्या लढ्याशी विश्वेश्वरय्यांचा संबंध नव्हता. पण कोणाची जमीन जाते आणि दिवा कोणाकडे लागतो, हा मुळशीत विचारला गेलेला प्रश्न त्यांच्या आराखड्यांत खर्चाच्या एका बाबीपुरताच येतो, हे नमूद करायला हवे.

मंड्याचा कालवा आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तिथेही ब्लॉकची फेरपालट नेली गेली, तिथेही साखर कारखाना आला, आणि तिथेही उसाने हातपाय पसरले. बंगळूर या योजनेत लाभधारक म्हणून नव्हते. आज ते शहर सुमारे १०० किलोमीटरवरून कावेरीचे पाणी पंपाने वर चढवून पिते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाचा वाटा १४.७५ टीएमसीने वाढवला. त्यात ४.७५ टीएमसी खास बंगळूरच्या पिण्याच्या आणि घरगुती वापरासाठी होते. शहराचा रकाना अखेर कागदावर आला, पण न्यायालयाच्या.

दिवाणपद का सोडले?

१९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. बँक, विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंड कारखाना यांची पायाभरणी त्या काळातली. १९१५ मध्ये सर ही पदवी मिळाली. १९१८ मध्ये त्यांनी पद सोडले, ते पाण्यावरून नव्हे. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना जागा राखून ठेवण्याकडे महाराजांचा कल होता आणि विश्वेश्वरय्यांना ते मान्य नव्हते. गुणवत्ता एवढेच माप असावे, हा त्यांचा आग्रह. संधीच ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही त्यांचे काय, याचे समाधानकारक उत्तर त्या आग्रहात नव्हते. कालव्याच्या टेलपर्यंत पाणी नेण्यासाठी नियम करणाऱ्या माणसाला नोकऱ्यांच्या वाटपात तसा नियम पटला नाही, हा विरोधाभास त्यांच्या चरित्रांत फारसा चर्चिला जात नाही.

पुढची चार दशके समित्या, उद्योग आणि लेखनात गेली. नियोजित अर्थव्यवस्थेवरचे त्यांचे पुस्तक १९३४ चे, म्हणजे नियोजन आयोगाच्या सोळा वर्षे आधीचे. १९५५ मध्ये भारतरत्न.

पानशेत फुटले तेव्हा ते कुठे होते?

१२ जुलै १९६१ रोजी खडकवासल्याच्या वरच्या अंगाचे नवे पानशेत धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्याच्या दगडी भिंतीला पेलला नाही आणि पुण्याचे नदीकाठ वाहून गेले. विश्वेश्वरय्या तेव्हा बंगळूरला होते. शंभरी पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, त्यांचे निधन झाले आणि मुद्देनहळ्ळीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

त्यांच्या कालव्यात आज काय वाहते?

खडकवासल्याची भिंत पुन्हा बांधली गेली. पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरून साखळीची क्षमता सुमारे २९ टीएमसी झाली. त्यात एकट्या खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीहूनही कमी आहे. २०१० नंतरच्या दशकात पुणे महापालिकेचा मंजूर कोटा ११.५ टीएमसी होता आणि प्रत्यक्ष उचल त्याहून बरीच जास्त. जे पाणी विश्वेश्वरय्यांच्या काळी शेतीचा हिशेब मांडताना शेरा म्हणून लिहिण्याइतके होते, ते आता साखळीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेले आहे. शहराची प्रत्येक वाढीव मागणी दौंड-इंदापूरच्या एखाद्या आवर्तनावर येते, आणि म्हणूनच बैठकीत आवाज चढतात.

यावर काढलेला एक तोडगा म्हणजे पाण्याच्या बदल्यात पाणी. शहराने वापरलेले पाणी प्रक्रिया करून मुंढवा येथील जॅकवेलमधून उचलायचे आणि शेतीला परत द्यायचे. महापालिकेने वर्षाला ६.५ टीएमसी द्यावे, असे ठरले. हे पाणी साडेसतरानळी भागात ज्या कालव्यात सोडले जाते, त्याला लोक बेबी कालवा म्हणतात. तो म्हणजे फाईफच्या काळातला जुना मुठा उजवा कालवा, ज्यावर विश्वेश्वरय्यांनी नोकरी केली. पाण्याला वास येतो, फेस येतो, विहिरी खराब होतात, अशी त्या काठच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. पण उन्हाळ्यात मुख्य कालव्याचे आवर्तन लांबले की मोटारी त्याच पाण्यावर लागतात.